येरोण्या

रात्रपाळी नसली की संध्याकाळी सुटून
कोराडीच्या राखबंधाऱ्याच्या कडेनं
मी सायकल हातात धरून चालतो.
तिथं झुडपं आहेत. कोणी लावली नाहीत,
कोणी मोजली नाहीत.
इतवारीत मिळतात ती बोरं अंगठ्याएवढी, गुळगुळीत.
ही हरभऱ्याहून जराशी मोठी,
अर्ध्याहून जास्त बीच,
आणि प्रत्येक पेरावर दोन काटे,
एक सरळ, एक वाकडा.
सरळ टोचतो. वाकडा सोडत नाही.
एक मुकादम, एक ठेकेदार, असं भैसारे म्हणतो
आणि बोट चोखत हसतो.

हेल्मेट उलटं केलं की किलोभर मावतात.
पिवळं हेल्मेट, आत घामानं काळा पडलेला पट्टा,
त्यावर लाल, तपकिरी, काही अजून हिरव्या येरोण्या.
पंचफुला पाहते, बोलत नाही.
परात घेते.

पहिलं पाणी राखेचं.
सिमेंटच्या रिकाम्या गोणीची आतली बाजू असते ना,
तसला रंग.
कोपरापर्यंत हात घालून ती ढवळते, म्हणते,
"हे पाहा जी, तुमची चिमणी आली घरी."

दुसऱ्या पाण्यात रान वर येतं:
पानांचा चुरा, कोळ्याचा धागा,
एक मुंगळा, जिवंत.
त्याला बोटावर घेऊन ती कढीपत्त्याच्या कुंडीत सोडते.
तो तिला चावतो.

तिसऱ्यात मीठ. जाडं, मूठभर.
मग थांबायचं, आणि तेच जमत नाही कोणाला.
मोनाली परातीवर वाकून बसलेली,
शाळेचा स्वेटर, पौषातली थंडी, नाक वाहतंय.
बऱ्याच वेळानं एक बोर हलल्यासारखं होतं
आणि भोकातून पांढरं, तांदळाच्या कणीएवढं
डोकं काढून बघतं
घर एकाएकी खारट कसं झालं.

"तरंगलं ते फेकून दे," पंचफुला सांगते,
"बुडलं ते आपलं."
मी परातीच्या तळाकडे बघत राहतो.

चौथं पाणी बादलीत भरून ठेवलं
आणि लाइट गेली.
अख्खी वस्ती गेली. खिडकीत फक्त
चिमण्यांवरचे तांबडे दिवे, उंच,
लुकलुक, लुकलुक.
"बाबा, तुमचं बंद पडलं का?"
"नाही बाई. आमचं चालू आहे.
आपलं बंद आहे."

मोबाइल चार टक्क्यांवर. मेणबत्ती सापडेना.
मग अंधारातच खाल्ल्या, तिसऱ्या पाण्यातूनच काढून.
गार, दातांना झोंबणाऱ्या,
साल चिवट, गर म्हणावा तर नखभर,
खारट, मग आंबट, मग तुरट,
मग आपण आशा सोडली की गोड.
एका बोरात मऊ काहीतरी लागलं.
किडा असेल. गरही असेल.
शेजारी पंचफुलाचं चावणं मध्येच थांबलं,
पुन्हा सुरू झालं.
कोणी कोणाला विचारलं नाही.
मोनालीच्या बिया स्टीलच्या वाटीत वाजत होत्या,
टण्, टण्,
एक चुकून माझ्या पायावर.

तिनं अंधारात माझं मनगट धरलं,
अंगठ्यानं कातडी चोळून पाहिली.
"तुमाले तर अजून पहिलंच पाणी नाही लागलं."
"मग मिठात ठेव अर्धा तास," मी म्हणालो,
"बघू काय बाहेर येते."
ती हसेल असं वाटलं होतं.
तिनं परातीत चाचपून एक येरोणी काढली,
देठ नखानं खुडला,
आणि माझ्या तळहातावर ठेवली.

लाइट पहाटे आली.
चौथं पाणी तसंच होतं, उघड्या बादलीत,
खिडकीखाली.
वर पातळ साय धरलेली, राखेची.
पंचफुलानं फुंकून ती बाजूला केली
आणि भांडंभर पाणी
चहाला टाकलं.